शेजारच्या खाटेचे पान

जो साऱ्या विश्वाला जेवू घालतो आणि स्वतः भांड्याच्या काठाला चिकटलेल्या एका शिताने तृप्त होतो, त्या बाळकृष्णाला माझे पहिले वंदन. ज्या संतांनी या देहाला उकिरडाही म्हटले आणि देऊळही म्हटले, त्यांच्या चरणी मस्तक. जे सांगायचे आहे त्यात किळस पुष्कळ आहे. ती सारी माझी आहे. श्रोत्यांनी तिचा दोष देवाला लावू नये.

१

ब्रिस्टलबाहेरच्या एका टेकडीवर सरकारी रुग्णालय आहे. त्याचा लाल विटांचा जुना भाग माजी सैनिकांसाठी आणि सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी राखलेला आहे. आमचे हे, म्हणजे मुरलीधर, तरुणपणी या देशाच्या सैन्यात गाड्यांची इंजिने दुरुस्त करीत, म्हणून त्यांना तिथे खाट मिळाली. वॉर्डात फिजीचे, नेपाळचे, फिलिपिन्सचे म्हातारे होते. परिचारिकाही बहुतेक फिलिपिन्सच्याच. त्यांच्या बोलण्याचा किलबिलाट सकाळपासून चाले.

न्हाणीघरात पाय घसरून ह्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. बिघडले ते पुढेच. ह्यांनी तोंड मिटले. जेवणाचा ट्रे समोर आला की मान भिंतीकडे वळवीत. मी रोज दुपारच्या आधीच्या बसने मऊ भात, साजूक तूप आणि मेतकूट घेऊन जाई, आणि तोच डबा तसाच परत आणी.

"खाल्लं नाही तर घरी नाही, लव्ह," वॉर्डची मुख्य परिचारिका माझ्या खांद्यावर हात ठेवून इकडच्या लडिवाळ रीतीने म्हणाली. "नाकातून नळी घालावी लागेल. नळी असलेल्या माणसाला तुम्ही एकट्या घरी कशा सांभाळणार? मग नर्सिंग होमच."

साठ वर्षांचा संसार एका मिटलेल्या तोंडावर येऊन ठेपला होता.

शेजारच्या खाटेवर एस्तेबान नावाचे गृहस्थ होते. त्यांनी फिलिपिन्सच्या सैन्यात आयुष्य काढलेले. जावई ब्रिटिश सैन्यात, म्हणून म्हातारपणी इथे. त्यांची गिळण्याची शक्तीच गेली होती. नाकात नळी होती आणि उशाशी पाटी होती: तोंडाने काहीही देऊ नये. परंतु जेवणाची गाडी वॉर्डच्या दाराशी आली की त्यांचे रिकामे तोंड चालू लागे. जीभ टाळूला चिकटे आणि सुटे. चुळुक्. चुळुक्. हनुवटीवरून लाळेची तार गळ्यापर्यंत उतरे. गालफड आत ओढले जाई आणि पुन्हा भरे, जणू तिथे घास आहे.

रविवारी आमच्या भजनी मंडळात मी निरूपण करते. भुकेल्याच्या मुखी देव पाहावा, हे मी कितीदा गळा भरून सांगितले असेल. त्या वॉर्डात मात्र मी खुर्ची फिरवून एस्तेबान यांच्याकडे पाठ करून बसे, आणि तो आवाज ऐकू आला की पदर कानांवर ओढून घेई.

त्यांची मुलगी मारिसेल वरच्या मजल्यावर परिचारिका होती. जेवणाच्या सुट्टीत धावत येई, बापाचे ओठ ओल्या स्पंजने पुसे, आणि माझ्या डब्याकडे पाहून हसे.

"आंटी, अंकलना नको असेल तर मला द्या. इथल्या कॅन्टीनमध्ये भाताच्या नावाखाली काय देतात ते तुम्हाला माहीत नाही."

"तूप आहे हो त्यात. वजन वाढेल तुझे."

"वाढू दे. नवरा परेडला जातो, मी थोडीच जाते!"

एस्तेबान यांची नजर त्या डब्यावर असे. मारिसेल ती पाही, आणि हसता हसता गप्प होई.

२

एका सकाळी मी गेले तेव्हा एस्तेबान यांची खाट रिकामी होती. गादीवर नवी चादर ताणलेली. नळी नाही, पाटी नाही. पहाटे गेले, असे समोरच्या खाटेवरच्या नेपाळी सुभेदारांनी खुणेने सांगितले.

खाटेशेजारच्या लहान कपाटावर मात्र कुणीतरी काही मांडले होते. लाल मखमली अंगरख्यातली, डोक्यावर मुकुट असलेली बाळाची मूर्ती. गोबरे गाल, एका हातात चेंडूसारखे काही. पुढे बॅटरीवरची मिणमिणती पणती. आणि त्यापुढे केळीच्या पानाच्या तुकड्यावर पांढरा भात, नारळाच्या दुधात शिजवलेल्या चिकट तांदळाची वडी आणि शेजारी कपभर कॉफी.

ते ख्रिस्ती लोकांचे बाळ आहे हे मला ठाऊक होते. तरीही ते रूप पाहून माझे हात जोडले गेले. बाळ कोणत्या घरचे हे का कुणी विचारते? मुकुटधारी बाळ, पुढे दिवा, दिव्यापुढे वाढलेले पान. असे पान म्हणजे काय, हे मला जन्मापासून माहीत आहे. देवापुढे ठेवले तो नैवेद्य, आणि देवाने पाहिले की तो प्रसाद. प्रसाद मागून घ्यावा, कण तरी घ्यावा, आणि नाही तर कधीच म्हणू नये.

मी एक शीत उचलून माझ्या जिभेवर ठेवले. मग ते पान घेऊन ह्यांच्याजवळ गेले.

"अहो, प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणू नये."

त्यांनी डोळे उघडले. कित्येक दिवसांनी ते तोंड उघडले, आणि मी चमचा आत सरकवला. त्यांनी चावले, गिळले आणि पुन्हा आ केला. वडी संपली, भात संपला. थंड कॉफीसुद्धा घोट घोट पोटात गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. बाळकृष्णा, तू कोणत्या घरातून धावून येशील याचा नेम नाही!

शेवटचा घास गेल्यावर ह्यांची जीभ टाळूला चिकटली आणि सुटली. चुळुक्.

मी वळून शेजारच्या खाटेकडे पाहिले. चादर तशीच ताठ होती.

तेवढ्यात मारिसेल आली. साध्या कपड्यांत, डोळे सुजलेले. तिने कपाटाकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या केळीच्या पानाकडे.

"मारिसेल, बाळा, फार वाईट झाले. पण बघ, तुझ्या देवाच्या प्रसादाने ह्यांनी तोंड उघडले. सगळे खाल्ले!"

ती अगदी हळू म्हणाली, "आंटी, ते देवाचं नव्हतं. पपांचं होतं."

"म्हणजे?"

"पपांना वाढलं होतं. तसं पान आपण खात नाही." मग माझा चेहरा पाहून तिने घाईने माझा हात धरला. "असू दे. तुम्हाला काय माहीत! पपा कुणाला उपाशी ठेवणारे नव्हते." तिने मूर्ती पिशवीत ठेवली. ती हसली, पण त्या हसण्यात तिचे डोळे नव्हते.

माझ्या अंगावर काटा आला. पितरांचे पान आम्हीही कुणाला वाढत नाही. पण मूर्तीपुढचे पान पितरांचे असेल, हे माझ्या मनाला शिवलेही नव्हते. घटकाभराने तो काटा विरघळला, कारण हे उशीला टेकून शांत झोपले होते, भरल्या पोटाने. त्या आनंदात मी पहिली बस धरून सरळ घरी आले, न्हाले, आणि देवापुढे साखर ठेवली.

३

पुढचे दिवस वॉर्डात कौतुकाचे गेले. ह्यांच्यासाठी ट्रे येई तो रिकामा होऊन परत जाई. इथे गिळायला जड जाणाऱ्यांसाठी, आणि ह्यांच्यासारख्या बरेच दिवस न जेवलेल्यांसाठीही, अन्न वाटून त्याचा लगदा करतात आणि तो साच्यात घालून पुन्हा गाजराचा, मटारचा आकार देतात. गाजर दिसते, पण चमचा लावला की ते थरथरून खचते. आयुष्यभर भाजी चिरतानासुद्धा फोडी सारख्या हव्यात म्हणून मला बोलणारे हे, ते खोटे गाजर मिटक्या मारीत खाऊ लागले.

"आमचा हिरो!" परिचारिका म्हणत. "मुरली, आज पुडिंग दोन!"

माझी मुलगी अक्षया इथेच वाढली, मराठी तिची मोडकी; ती ब्रॅकनेलला संगणकाच्या कंपनीत आहे. शनिवारी आली तेव्हा तिला रडूच आले. "आई, बाबांचा वजन वाढला! तू काय मॅजिक केलीस?"

मी काय सांगणार होते? की तुझे बाबा जेवणाआधी पानाभोवती पाणी फिरवून बाजूला चित्राहुतीची शिते ठेवायला विसरतात? रुग्णालयात आल्यावरही, खात नव्हते तेव्हासुद्धा, ट्रे दूर सारण्याआधी त्यांचे बोट पाण्यात बुडून ट्रेभोवती फिरत असे. आता ट्रे खाली टेकण्यापूर्वीच हात त्यात गेलेला असे. की जेवणाची गाडी अजून लिफ्टमध्ये असते, कुणालाच तिची चाके ऐकू आलेली नसतात, आणि ह्यांचे तोंड चालू लागते? गालफड आत जाते, भरते. हनुवटीवर ओल चकाकते. चुळुक्.

आजारी माणसाला शेजाऱ्याच्या सवयी लागतात, असे मी मनाला सांगितले. इतके दिवस तो आवाज शेजारी होता. कानांतून जिभेवर उतरला असेल. बुद्धीला हे पटले. पोटाला पटले नाही. मी खुर्ची त्यांच्यापासून हातभर मागे घेऊन बसे. ज्या तोंडाने साठ वर्षे मला 'अगं' म्हणून हाक मारली, त्या तोंडाकडे मला बघवेना.

गिळणे तपासणाऱ्या बाईंनी मला एक काम शिकवले होते. जेवणानंतर घास गालात साठून राहिला तर झोपेत श्वासनलिकेत जातो, म्हणून हातमोजा घालून गालात बोट फिरवायचे. एका दुपारी जेवण झाले. त्या दिवशी बटाट्याचा लगदा आणि कसलासा हिरवा रस्सा होता. मी हातमोजा चढवला.

"अहो, आ करा."

त्यांनी आ केला. आतून येणारा वास बटाट्याचा नव्हता. बंद डब्यात विसरलेल्या नारळासारखा गोड, कुबट. मी उजव्या गालात बोट फिरवले, रिकामा. डाव्या गालात बोट घातले तेव्हा ते मऊ, दाट, चिकट अशा कशात तरी रुतले. ओढले तसे ते तारा काढीत बाहेर आले. अजून होते. अजून. मी ते कागदी रुमालावर ठेवत गेले. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात. एकेक शीत वेगळे, अखंड, दात न लागलेले.

तो भात ह्यांनी खाल्ल्याला आठवडा उलटून गेला होता. आणि तो गरम होता.

माझ्या बोटाभोवती ह्यांचे ओठ मिटले आणि त्यांनी ते चोखले.

मी कशीबशी हात धुण्याच्या कुंडापर्यंत पोचले आणि ओकले. समोरचे सुभेदार चादर तोंडावर ओढून घेत होते.

४

घरीही एक लहानशी गोष्ट खटकू लागली होती. दुपारी मी वरणभाताचा नैवेद्य दाखवते. झाकण ठेवते, डोळे मिटते, मग झाकण काढते. आता झाकण काढले की भाताच्या मुदीला एका बाजूने खळगा दिसे. वर ओलसर चकाकी असे.

"उंदीर झालाय बहुतेक," मी अक्षयाला फोनवर म्हटले.

"आई, झाकण आहे ना त्याच्यावर? माऊस झाकण उचलून परत ठेवतो का?"

"तुमच्या देशातले उंदीर सभ्य असतील."

"व्हेरी फनी. मी कौन्सिलला फोन करते. पिंजरा लावतील."

पिंजरा लागला. त्यातला चीजचा तुकडा वाळून गेला.

५

रुग्णालयातून ह्यांना घरी सोडण्याचा दिवस ठरला. डॉक्टर खुश, अक्षया खुश. जे मी देवाकडे मागितले होते ते हातात पडत होते, आणि माझे हात मागे सरकत होते. त्या तोंडाला मी माझ्या स्वयंपाकघरात कशी नेऊ? त्या तोंडासमोर माझा देव कसा मांडू? आणि नाही म्हटले, तर हा माणूस नर्सिंग होममध्ये जाणार. त्यांना ओळखणारे मग जगात कुणी उरणार नाही, कारण बदल झालाय हे फक्त मला दिसत होते.

मी मारिसेलला गाठले. वाहनतळाशेजारच्या बाकावर ती सँडविच खात बसली होती. मी तिला सारे सांगितले. सांगताना माझ्या तोंडून शब्द गेला: "घाण वाटते गं. शिसारी येते."

तिने सँडविच खाली ठेवले.

"आंटी, पपांना मी शेवटचं काय दिलं माहीत आहे? स्पंज. लिंबाच्या पाण्याचा. मी नर्स आहे. त्यांच्या उशाशी पाटी होती ना, ती विसरू नका असं येणाऱ्या प्रत्येकाला मीच बजावायचे. ते माझ्याकडे हात करून भात मागायचे आणि मी मान हलवायचे." ती वाहनांकडे पाहत होती. "उपाशी गेले ते. तुम्ही त्यांना घाण म्हणू नका."

मी मान खाली घातली. जे मी रविवारी सांगते, ते ही पोर मला भर दुपारी सांगत होती. लाज वाटली, खरेच वाटली. पण लाजेने किळस जात नाही. ती लाजेच्या खाली तशीच ओली राहते.

"मग मी काय करू?"

"अंकलना घरी न्याल तेव्हा सरळ घरी नेऊ नका. आमच्यात मयताकडून कुणी सरळ घरी जात नाही, नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरी येतं. वाटेत कुठेतरी बसायचं, माणसं असतील तिथं. काहीतरी खायला मागवायचं आणि ते सोडून उठायचं. मागं बघायचं नाही. त्या दिवशी मी सुपरमार्केटच्या कॅफेत बसले होते. कॉफी सोडून आले."

"कॉफी कुणासाठी सोडलीस?"

"असं विचारायचं नसतं, आंटी. सोडायची." मग एकदम तिने माझ्याकडे वळून पाहिले. "त्या दिवशी तुम्ही कुठं थांबलात?"

"मी? मी घरी गेले. आमच्यात आंघोळ करतात. मी आंघोळ केली."

"ओके," ती म्हणाली. पण ती नजर माझ्यावरून लगेच हलली नाही.

६

"आई, सीरियसली?" अक्षया गाडी चालवता चालवता म्हणाली. "बाबांना डिस्चार्ज मिळाली आणि तुला गार्डन सेंटरला जायचंय?"

"तुळशीला कुंडी हवी आहे."

"ऑनलाइन मागव ना!"

"तुळस ऑनलाइन वाढत नाही. वळव गाडी."

रोपवाटिकेच्या मोठ्या दुकानात काचेच्या छताखाली कॅफे होता. ऊन स्वच्छ होते. चहूकडे पांढऱ्या केसांची जोडपी केक खात बसली होती. फुलांचा, खताचा आणि लोण्याचा वास एकमेकांत मिसळला होता. चाकाच्या खुर्चीतून ह्यांना आम्ही टेबलाशी नेले. चौथी खुर्ची रिकामी होती. मी तांदळाची खीर मागवली. इथे तिला राइस पुडिंग म्हणतात, आणि वर जाड, सुरकुतलेली साय असते. ती वाटी मी चौथ्या खुर्चीपुढे ठेवली आणि शेजारी चमचा.

"कोण येणार आहे?" अक्षयाने विचारले.

"तू चहा आण."

ती उठून गेली. ह्यांचे तोंड चालू होतेच. नजर वाटीवर खिळलेली, हनुवटी ओली. मी टेबलाखाली पदराचे टोक मुठीत धरले आणि मनात म्हटले: एस्तेबान, बसा. चुकून आम्ही तुमचे पान उचलले. हे तुमचे आहे. सावकाश जेवा.

चुळुक्.

मी ह्यांच्याकडे पाहिले. त्यांचे ओठ मिटलेले होते. गाल स्थिर होते.

चुळुक्. आवाज समोरून आला.

सायीच्या मध्यभागी एक खळगा पडला. खळगा खोल गेला, साय ताणली गेली, तिच्या कडा वाटीपासून सुटून आत ओढल्या गेल्या, आणि एखादा ओठ खीर शोषून घेतो तशी ती सपकन नाहीशी झाली. मागच्या काचेवर, शेवाळी कुंड्यांच्या आड, खुर्चीच्या उंचीवर वाफेचा एक गोल उमटला आणि विरला. मग पुन्हा उमटला. त्या गोलात खालच्या बाजूला काहीतरी ओले चकाकत होते. हनुवटी असावी. मी पाहिले नाही. पाहिले असते तर पाहिले म्हणून सांगितले असते.

"हे काय गिळगिळीत मागवलंयस?"

ह्यांचा आवाज! करडा, इंजिनाला कान लावून बसणाऱ्या माणसाचा, कपाळाला आठ्या घालणारा आवाज. "अगं, ओळखतेस ना मला? घरी चल. दहीभात कर. आणि ती भाजी एकसारखी चिर, बाई."

अक्षया चहाचा ट्रे घेऊन येत होती. "चहा राहू दे. चल," मी म्हटले. चाकाची खुर्ची ढकलीत मी दारापर्यंत गेले. पाठीमागे वाटीला चमचा घासल्याचा आवाज येत होता. मी मागे पाहिले नाही. कुंडी घ्यायचीही राहून गेली.

७

घरी आल्यावर ह्यांनी पानाभोवती पाणी फिरवले. उजव्या बाजूला चार शिते ठेवली, डोळे मिटले, आणि मगच पहिला घास घेतला. बेताचे खाल्ले. मी बोटाने गाल तपासायला गेले तर हात झटकून म्हणाले, "मी काय लहान बाळ आहे?" मी पदर तोंडावर धरून हसले आणि रडले. अक्षया संध्याकाळी ब्रॅकनेलला परत गेली. जाताना उंदराचा पिंजरा तिने माझ्याच सांगण्यावरून नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोवळ्याने स्वयंपाक केला. वरणभाताची मूद, वर तुपाची धार, तुळशीचे पान. बाळकृष्णापुढे वाटी ठेवून झाकण घातले. बाहेरच्या खोलीत हे वर्तमानपत्राची पाने उलटीत होते; प्रत्येक पान उलटल्याचा आवाज मला प्रसादासारखा वाटत होता. मी डोळे मिटले आणि मनात घास भरवू लागले: हा एक घास घे, हा दुसरा घे.

चुळुक्.

ह्यांचे वर्तमानपत्र वाजतच होते. आवाज त्या खोलीतून नव्हता. तो इथे होता, देवघरात, अगदी जवळ. कानाच्या आतल्या बाजूने यावा इतका जवळ.

चुळुक्.

मी डोळे उघडले. झाकण बाजूला पडले होते. वाटीत तुळशीचे पान तेवढे तळाला चिकटलेले होते. बाळकृष्ण जसा रोज पाहतो तसा माझ्याकडे पाहत होता. माझी हनुवटी ओली होती. आणि माझा डावा गाल भरलेला होता.

त्या दिवशी मी एक शीत जिभेवर ठेवले होते. त्या दिवशी मी सरळ घरी आले होते.

गालातले ते मऊ होते, दाट होते, आणि गरम होते. वरणभाताला नारळाची चव नसते. मी तोंडावर हात दाबला. थुंकावे तर ते देवापुढचे अन्न, आणि तेही अशा माणसाच्या वाट्याचे, जो हात करून भात मागत मेला. गिळावे तर ते कुणाच्या तोंडातले? माझे सारे निरूपण, साऱ्या ओव्या त्या एका घासाच्या पलीकडे उभ्या होत्या, आणि त्यांतली एकही पुढे येईना. डोळ्यांतून पाणी गळत होते. जीभ आपण होऊन त्या घासाखाली गेली आणि तिने तो मागे लोटला.

मी गिळले.

त्यानंतर माझ्या गळ्यातून एक लांब, तृप्त सुस्कारा बाहेर पडला. तो पुरुषाचा होता.

बाहेर वर्तमानपत्र थांबले.

"अगं," हे म्हणाले, "कोण आलंय?"

आता मी रोज दुपारी दोन पाने वाढते. एक देवाचे. दुसरे मी कुणाचे ते सांगत नाही, आणि ह्यांनी विचारलेले नाही.

ज्यांनी हे ऐकले त्या सर्वांचे कल्याण असो. तुमच्या घरी चूल पेटती राहो, भात ऊन राहो, दारी आलेला कुणीही उपाशी परत न जावो. ज्याच्यासाठी पान वाढले, तोच त्या पानावर बसो. आणि तुमच्या मुखातला घास शेवटपर्यंत तुमचाच राहो.